थेरपिस्ट निवडण्याआधी

ताई, ‘ईएमडीआर म्हणजे नुसतं डोळे फिरवणं, सगळी फसवणूक’ असं ऐकून तुम्ही घाबरल्या. ईएमडीआर म्हणजे त्रासदायक आठवण मनात आणून त्याच वेळी डोळे डावी-उजवीकडे हलवायला लावणारी उपचारपद्धत. पण टीका नेमकी कशावर आहे ते बघा. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये मनावरच्या आघातानंतरच्या त्रासासाठी ही पद्धत सुचवली आहे. वाद आहे तो गुण कशाने येतो यावर: डोळे हलवल्याने, की ती आठवण सुरक्षित जागी पुन्हा समोर आणल्याने?

मला तर पद्धतीपेक्षा माणूस महत्त्वाचा वाटतो. भाऊ गेल्यावर मला झोप येईना. तालुक्यातल्या एका समुपदेशकाने ‘तीन बैठकीत मोकळा करतो’ म्हणत आगाऊ पैसे घेतले आणि पहिल्याच दिवशी भावाचा शेवटचा दिवस सांगायला लावला. परतीच्या एसटीत माझे हातपाय थरथरत होते. पुढे भेटलेल्या बाईंनी तीन आठवडे फक्त झोप, जेवण, कपाशीवरचं कर्ज एवढंच विचारलं. ‘नको वाटलं की थांबू,’ म्हणाल्या. तिथे मी बोललो.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा. फरक पडला नाही तर पुढे काय, हेही विचारा. चिडले तर सरळ उठून या. आणि जिल्ह्याला जायचं गाडीभाडं जमत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, आजच लावा.