हरिश्चंद्रगडावर तंबूत मुक्काम करताना निसर्गाला त्रास होऊ नये म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय, डिसेंबरात आठ जण पाचनईमार्गे चढणार, एक रात्र तंबूत काढणार, आणि प्लास्टिक परत आणण्याखेरीज आणखी काय काळजी घ्यायची? प्लास्टिकचं तुमच्या डोक्यात आधीच आहे, तेव्हा मी पाण्याबद्दल बोलतो.

गडावर पाऊस पडतो तो मुख्यतः जून ते सप्टेंबर. त्यात कातळात कोरलेल्या टाक्यांत जे साठेल, ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरवायचं. तुमच्या साबणाचा फेस डिसेंबरात टाक्यात गेला, तर तो धुऊन निघायला जून उजाडतो. हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. कॉलेजात असताना मी मॅगीचं पातेलं थेट टाक्यात बुडवून घासत होतो. मागून आवाज आला, "पोरा, आम्ही हेच पितो." गडावर पिठलं-भाकरी करून देणारे मामा होते. ओरडलेही नाहीत, म्हणून जास्त लागलं. तेव्हापासून टाक्यातलं पाणी बाटलीत भरून घेतो, लांब नेऊन वापरतो आणि भांडी माती-राखेने घासतो. मंदिराजवळच्या ओढ्याचंही तसंच, तो खाली पाचनईकडेच उतरतो. केदारेश्वराच्या गुहेत शिवलिंगाभोवती कमरेएवढं गार पाणी असतं, तिथे शाम्पू लावून डुंबणारे पाहिलेत. तुम्ही नका करू.

आता जे कुणी विचारत नाही ते. सकाळी आठ जण कुठे जाणार? गडाचा बराच भाग उघडा कातळ आहे, तिथे खड्डा होत नाही आणि पहिल्या पावसात सगळं पाण्याच्या दिशेने येतं. म्हणून खुरपं सोबत घ्या. पाण्यापासून निदान साठ मीटर, म्हणजे साधारण ऐंशी पावलं लांब, माती लागेपर्यंत चाला. वीतभर खोल खणा, वर माती लोटा. टिश्यू आणि पॅड बंद पिशवीत घालून परत आणायचे. ओले वाइप्स तर घेऊच नका, दिसतात कागदासारखे, पण बहुतेकांत प्लास्टिकचे धागे असतात. किळस वाटते हे मान्य, पण दुसऱ्याच्या वाइप्सवर पाय पडला की जास्त वाटते.

शेकोटी? माझं मत विचाराल तर नकोच. हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे, आणि अभयारण्याला धोका होईल अशी आग लावायला 1972 च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे. डिसेंबरात गवत वाळून पिवळं पडलेलं असतं, कोकणकड्यावर वारा कुठल्या बाजूने फिरेल ते सांगता येत नाही. शिवाय लाकूड म्हणून लोक वाळलेली कारवी मोडतात. सात वर्षांतून एकदा फुलून बी टाकणारं झुडूप ते, आपण बटाटे भाजायला तोडायचं? थंडी फार वाटत असेल तर एक जादा स्वेटर घ्या.

तंबूच्या दोऱ्या ताणायला दगड लागतात. जुन्या भिंतींचे, मंदिराच्या आवारातले दगड उचलू नका. मोकळा दगड घेतलात तरी सकाळी होता तिथे, होता तसाच ठेवा. त्याखाली पाली असतात, विंचू असतात. (उचलताना बोटं सांभाळा, हे निसर्गासाठी नाही, तुमच्यासाठी.) संत्र्याच्या साली, उरलेला भात "कुजेल की" म्हणून टाकू नका. कुजायच्या आत माकडं येतात, आणि मग पुढच्यांच्या बॅगा उघडतात.

खरं तर आठ जणांना तंबू हवेतच का, याचाही विचार करा. पाचनईत घरगुती राहायची सोय होते, जेवण गरम मिळतं, पैसे गावात राहतात. पहाटे टॉर्च घेऊन निघालात तर दिवसभर गड तुमचाच. तंबूच हवा असेल तर कुठे लावू देतात ते आधी वनविभागाकडे आणि गावात विचारा, नियम बदलत असतात.

कचऱ्याची पिशवी मात्र गावातल्या टपरीमागे ठेवून निघू नका. तिथे रोज कचऱ्याची गाडी फिरत नाही, तो शेवटी जाळलाच जातो. आमच्या गाडीच्या डिकीत त्यासाठी रंगाचा एक रिकामा, घट्ट झाकणाचा डबा कायम असतो. वास येत नाही, आणि पुण्यात पोचल्यावर सोसायटीच्या कचऱ्यात वेगळा करून टाकता येतो.