विंचवाच्या पिल्लांना खायला कोणते बारीक किडे द्यावेत आणि ते घरी कसे टिकवावेत?

रातकिडे नकोत, दुकानदार काहीही सांगो. फळमाश्या पाळा. त्या नसतीलच तर रेड रनर झुरळांची (ही खाद्य म्हणून पाळतात) अगदी बारीक पिल्लं.

एवढं ठासून सांगतोय कारण माझी सगळी नोकरी परळकडच्या एका कॉलेजात ड्रोसोफिलाच्या, म्हणजे फळमाश्यांच्याच, बाटल्या सांभाळण्यात गेली. "लोक नोकरीत माश्या मारतात, आमचे भावोजी पाळतात!" हा मेहुण्यांचा विनोद मी घरातल्या प्रत्येक लग्ना-बारशात ऐकलाय. पुढे त्यांच्याच चिरंजीवांनी, म्हणजे माझ्या भाच्याने, मुलुंडच्या फ्लॅटमध्ये विंचू आणला. काळा, जाड चिमट्यांचा. तो निघाला मादी, आणि पाठीवर पिल्लांचा ढीग.

मी म्हटलं, पाठीवर आहेत तोवर काही घालू नका. पहिली कात टाकेपर्यंत ती अंगातल्या साठ्यावरच जगतात. खाली उतरली की फळमाश्या देतो. मेहुणे बँकेतले, त्यांना दुकानदाराचा शब्द मोठा. डबाभर रातकिडे आणले, तेही ऐन पावसाळ्यात. रातकिड्यांना कोरडं आणि हवेशीर लागतं. मुंबईच्या दमट हवेत डबा अमोनियाने घमघमायला लागला, निम्मे मेले, उरलेले उपाशी. तेच त्यांनी पिल्लांत सोडले.

रात्री भाच्याने नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च मारला. सगळी पिल्लं हिरवट चमकली, एकच नाही. नुकती कात टाकलेला विंचू चमकत नाही, कवच कडक व्हायला वेळ लागतो. ते पांढरट, लिबलिबीत पिल्लू एका कोपऱ्यात होतं आणि दोन रातकिडे त्याची शेपटी कुरतडत होते. मेहुणे म्हणाले, "भुकेले असतील बिचारे." अहो, मी दुसरं काय सांगत होतो?

दुसऱ्या दिवशी मी व्हेस्टिजिअल माश्यांची बाटली नेली. या जातीचे पंख खुरटलेले, त्यामुळे उडत नाहीत, नुसत्या चालतात. माशी जेमतेम 3 मिलिमीटर, पिल्लाला झेपेल अशी. एक माशी कोकोपीटवर चालायला लागली. पिल्लू हललं नाही, पायांतून कंपन जाणवलं तसं एकदम चिमट्यात धरलं आणि बराच वेळ चघळत बसलं. जे पिल्लू धरत नाही त्याच्यापुढे माशी चिरडून ठेवा. उरलंसुरलं दुसऱ्या दिवशी काढा, नाहीतर माइट्स, म्हणजे अगदी सूक्ष्म किडे, होतात.

माश्यांचं खाणं: मक्याचं पीठ, गूळ आणि चायना ग्रास शिजवायचं, गार झालं की वर यीस्ट भुरभुरायचं. बुरशीसाठी लॅबमध्ये प्रोपिऑनिक आम्ल घालत, घरी थोडं व्हिनेगर. तोंडाला कापसाचा घट्ट बोळा. 25 अंशांना साधारण 10 दिवसांत अंड्याची माशी होते. खरी परीक्षा मे महिन्यात. 30 च्या आसपास नर निर्बीज होतात आणि गरमीत या खुरट्या पंखांची वाढही जास्त होते. म्हणून बाटल्या थर्माकोलच्या खोक्यात, शेजारी गार पाण्याची बाटली. केळ्यांवरचा साधा नर आत शिरला की संपलं: खुरट्या पंखांचा जनुक अप्रभावी, पुढची पिढी उडते आणि स्वयंपाकघरात भांडण लागतं. मुंग्यांसाठी बाटल्या पाण्याच्या परातीत. जुनी बाटली महिन्याच्या आत बाद करून नवी लावत राहा.

घरातली झुरळं पकडून घालू नका. सोसायटीत पेस्ट कंट्रोल होतं. जेल खाल्लेलं झुरळ लगेच मरत नाही, ते विष विंचवाच्या पोटात जातं. "किडा तो किडा, त्यात काय" म्हणणाऱ्या निवृत्त बँकवाल्यांचं ऐकू नका.

हे आधी सांगायला हवं होतं: एम्परर विंचू असेल तर तो साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट 2 मध्ये येतो, पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. आणि विंचू गावाकडून उचललेला, तांबूस, बारीक चिमट्यांचा असेल तर पिल्लं पोसायचा विचारच सोडा. कोकणातला लाल विंचू लहान मुलाचा जीव घेतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपचार दाखवून दिल्यावर मृत्यू खूप कमी झाले, पण त्यासाठीही वेळेत दवाखाना गाठावा लागतो.