गरम झाल्यावर बंद पडणारी जुनी बुलेट : दोष पॉइंटचा की कंडेन्सरचा?

आपण लिहिले आहे की आपली १९८६ची बुलेट ३५० सकाळी दुसऱ्या किकला सुरू होते, परंतु पंधरा-वीस किलोमीटरनंतर मिसिंग करू लागते, बंद पडते आणि अर्धा तास उभी ठेवल्यावर काहीही न करता पुन्हा चालू होते. कार्ब्युरेटर दोनदा साफ करूनही फरक पडलेला नाही. ही लक्षणे वाचून माझा पहिला संशय कंडेन्सरवर, म्हणजे पॉइंटला जोडलेल्या, वीज क्षणभर साठवणाऱ्या छोट्या भागावर जातो. (पॉइंट म्हणजे प्रवाह जोडणारी-तोडणारी संपर्काची जोडी.) माझी गाडी खंबाटकी घाटात अशीच बंद पडत असे आणि मीही त्या वेळी महिनाभर कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोलची बारीक छिद्रे) साफ करण्यात घालवला होता.

पुढच्या वेळी गाडी बंद पडताच, ती थंड होण्याआधी, पेट्रोल टाकीचे झाकण उघडून किक मारावी. लगेच सुरू झाली तर झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले आहे. तसे नसेल तर चावी चालू व हेडलाइट बंद ठेवून, डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधील दाब सोडणारा लिव्हर) दाबून किक अगदी सावकाश खाली न्यावी आणि अँपिअर मीटरकडे (बॅटरीचा प्रवाह दाखवणाऱ्या काट्याकडे) पाहावे. पॉइंट मिटले की काटा डिस्चार्जकडे झुकतो, उघडले की शून्यावर परततो. काटा झुकूनच राहिला तर पॉइंट उघडत नाहीत किंवा त्यांची वायर कुठेतरी बॉडीला लागते आहे. शून्यावरून हललाच नाही तर पॉइंट काळे पडले आहेत, किंवा चावीपासून कॉइलपर्यंत (प्लगसाठी जास्त व्होल्टची वीज तयार करणाऱ्या भागापर्यंत) कुठेतरी जोड सुटला आहे. तपासणी झाली की चावी बंद करावी, कारण पॉइंट मिटलेले असताना ती चालू राहिली तर कॉइल तापते आणि बॅटरी उतरते.

काटा नीट हलत असूनही गाडी सुरू होत नसेल, तर डिस्ट्रिब्युटरचे, म्हणजे पॉइंट ज्यात बसतात त्या डबीचे, झाकण काढून सावलीत कोणाला तरी किक मारायला सांगावे. पॉइंट उघडताना बारीक, जेमतेम दिसणारी ठिणगी उडाली तर कंडेन्सर ठीक समजावा. जाड, निळसर-पांढरी ठिणगी उडत असेल तर तो गेला आहे. पॉइंट उघडतात त्या क्षणी प्रवाह झटक्यात तुटला तरच कॉइलमध्ये प्लगसाठी पुरेसा विद्युतदाब तयार होतो, आणि तो झटका कंडेन्सरमुळे मिळतो. उष्णतेने त्याचे इन्सुलेशन दगा देऊ लागले की ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवरच खर्च होते. खात्रीसाठी जुन्या कंडेन्सरची वायर सोडवून, चांगला कंडेन्सर कॉइलकडून पॉइंटकडे जाणारी वायर आणि बॉडी यांच्यामध्ये बाहेरूनच जोडावा व वीस किलोमीटर चालवून पाहावे. मी तर तो कायमचाच कॉइलशेजारी, इंजिनच्या धगीपासून दूर बसवला आहे.

झाकण उघडलेच आहे तर पॉइंटही पाहून घ्यावेत. एका बाजूला खड्डा व दुसऱ्या बाजूला उंचवटा असेल तर जोडी बदलावी. नुसते काळे असतील तर बारीक पॉलिश पेपरने घासून, पेट्रोलमध्ये भिजवलेला जाड कागद त्यांच्यामधून डाग उमटेनासा होईपर्यंत ओढावा, कारण पेपरचे कण राहिले तर पॉइंट पुन्हा जळतात. पॉइंट पूर्ण उघडे असताना फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पत्त्यांच्या मापाने) अंतर ०.३५ ते ०.४० मिमी ठेवावे. पॉइंट उघडणाऱ्या कॅमवर ग्रीसचे बोट तेवढे फिरवावे. जास्त झाले तर ते उडून पॉइंटवरच येते.

अंतर बदलले की टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) बदलते, म्हणून टायमिंग नेहमी नंतर लावावे. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असलेल्या स्ट्रोकवर, ॲडव्हान्स (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी यंत्रणा) पूर्ण मागे असताना, पिस्टन सर्वांत वरच्या बिंदूच्या ०.८ मिमी आधी आला की पॉइंट उघडू लागले पाहिजेत. पॉइंटमध्ये धरलेला सिगारेटचा पातळ कागद हलक्या ओढीने सुटतो, तोच तो क्षण.

एवढे करूनही गाडी गरम झाल्यावरच बंद पडली आणि पॉइंटवरची ठिणगी तेव्हाही बारीकच असेल, तर ओळखीच्या चालू गाडीची, आपल्याच व्होल्टची कॉइल लावून तीच फेरी पुन्हा मारावी.