अव्वल ठरणाऱ्यांकडे अंगच्या गुणांशिवाय नेमकं काय असतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावातली दोन पोरं एकाच ग्राउंडवर पोलीस भरतीसाठी पळतात. एकाने वर्षाच्या आत १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत बसवलं, दुसरा तीन वर्षांपासून ५:३५ वर अडकलाय. पहाटे दोघंही उठतात, घाम दोघंही गाळतात. मग पुढे जाणाऱ्याच्या अंगातच काही असतं का, की आणखी काही?

अंगात असतं, हे आधी मान्य करू. १९९० च्या दशकात अमेरिका आणि कॅनडात 'हेरिटेज' नावाचा मोठा अभ्यास झाला. शेकडो माणसांना २० आठवडे एकसारखा सायकलचा व्यायाम दिला आणि शरीर मिनिटाला किती प्राणवायू वापरतं ते आधी-नंतर मोजलं. काहींची क्षमता मिनिटाला जवळपास एक लिटरने वाढली, काहींची जवळजवळ वाढलीच नाही, आणि या फरकातला साधारण निम्मा वाटा घराण्यातून आलेला निघाला. म्हणून 'मेहनत केली की कुणीही काहीही होतो' असं मी कुणाला सांगणार नाही.

पण निरोगी, विशीतल्या पोराचे २५ सेकंद ही वेगळी गोष्ट आहे. माझ्या मते तो फरक बहुतेक वेळा सरावाच्या पद्धतीत असतो. कसा, ते आकड्यांतच बघा.

५:१० म्हणजे ३१० सेकंद. ४०० मीटरच्या चार चकरा धरल्या तर एका चकरेला साडेसत्त्याहत्तर सेकंद. अडकलेल्या पोराची प्रत्येक चक्कर वेगळी मोजा. बहुधा असं दिसेल: पहिली ७०, दुसरी ८३, तिसरी ९३, चौथी ८९. बेरीज ३३५, म्हणजे ५:३५. पहिल्या चकरेत तो पुढे जाणाऱ्यांपेक्षाही जोरात पळालाय. सुरुवातीच्या गर्दीत सगळे सुटतात म्हणून तोही सुटतो, पाय तिथेच जड होतात आणि तिसऱ्या चकरेत त्याची किंमत मोजावी लागते. दुसऱ्या पोराच्या चकरा ७८, ७८, ७८, ७६ अशा असतील. अडकलेला तीन वर्षं 'दम वाढवायचा' म्हणून रोज पूर्ण १६०० मारतोय, आणि रोज तीच ७० ची पहिली चक्कर अंगात मुरवतोय. दुखणं तिसऱ्या चकरेत दिसतं, मूळ पहिल्या दोनशे मीटरमध्ये असतं.

पुढे जाणारे इथेच वेगळे पडतात. काम नेमकं कुठे मोडतं ते ते शोधतात, तेवढाच तुकडा बाहेर काढतात, त्यावर वेगळं काम करतात आणि पुन्हा जागेवर बसवतात. बाकीचे जे आधीच येतं तेच पुन्हा पुन्हा करत राहतात. त्यात घाम भरपूर जातो, म्हणून सराव झाल्यासारखं वाटतं.

या पोरासाठी मी आठवडा असा मांडेन. मंगळवारी ४०० मीटर पाच वेळा, प्रत्येक ७८ सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालणं. ७४ आली तरी ती चूकच धरायची, कारण इथे शिकायचाय तो अंदाज. ८० च्या वर गेली की त्या दिवशीचं काम संपलं, ओढून-ताणून पुढची मारायची नाही. शुक्रवारी २०० मीटर आठ वेळा, ३७-३८ सेकंदांत, मध्ये दीड मिनिट. रविवारी सात-आठ किलोमीटर इतकं हळू, की सोबतच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. बाकी दिवशी अर्धा तास हलकं पळणं, एक दिवस पूर्ण सुट्टी. जोरकस दिवशी आधी पंधरा मिनिटं वॉर्मअप आणि ८० मीटरच्या चार मोकळ्या धावा. पुढच्या आठ आठवड्यांत ७८ चं लक्ष्य बदलायचं नाही. मधली विश्रांती दोन मिनिटांवरून हळूहळू एक मिनिटावर आणायची. पूर्ण १६०० चं टायमिंग तीन आठवड्यांतून एकदाच घ्यायचं.

हे सुरू करायच्या आधी ग्राउंड मोजून घ्या. आपल्याकडे शाळेच्या मैदानावर फक्की बहुतेक अंदाजाने मारतात, नाहीतर मोटारसायकलच्या आकड्यावर भरवसा ठेवतात. ४०० ची चक्कर फक्त १० मीटरने कमी भरली, तर १६०० मध्ये ४० मीटर गेले, म्हणजे जवळपास ८ सेकंद. पोरगं गावात ५:०८ काढतं आणि भरतीच्या ट्रॅकवर ५:१६ येतं, मग घरचे म्हणतात 'ऐनवेळी घाबरलं'. ५० मीटरचा टेप आणा, आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेरून मोजा. शक्यतो मुरमावर पळा. डांबरावर रोज पळून नडग्या धरतात, आणि उन्हाळ्यात भेगा पडलेल्या काळ्या रानात घोटा मुरगळायला वेळ लागत नाही. एप्रिल-मेमध्ये जोरकस काम साडेसहाच्या आत संपवा. त्या उन्हाची शरीराला सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात, तोवर टायमिंग पडलं तरी घाबरून पद्धत बदलू नका.

घड्याळ दुसऱ्याच्या हातात द्या. पळणाऱ्याला स्वतःचा वेग कळत नाही, त्याला फक्त त्रास कळतो. २०० मीटरला उभं राहून कुणी '३९' असं मोठ्याने ओरडलं, तर चूक त्याच चकरेत सुधारता येते. घरी जाऊन कळली तर दिवस गेला.

अविनाश साबळेबद्दल आपल्याकडे हमखास सांगतात, की आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचं हे पोरगं लहानपणी सहा-सात किलोमीटर चालत-पळत शाळेला जायचं, म्हणून ते ऑलिंपिकपर्यंत पोहोचलं. मला हे अपुरं वाटतं. तशी शाळा गाठणारी पोरं बीड जिल्ह्यात हजारोंनी होती. पुढचा फरक सैन्यात पडला. तिथे क्रॉसकंट्री पळताना त्याला ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळवण्यात आलं, प्रशिक्षक मिळाला, बरोबरीचे पळणारे मिळाले. या शर्यतीत पुरुषांसाठी ९१.४ सेंटिमीटर उंचीचे अडथळे २८ वेळा आणि पाण्याची उडी ७ वेळा घ्यावी लागते. नवखा धावक अडथळ्याआधी पाय जुळवायला पावलं आखूड करतो, गरजेपेक्षा उंच उडतो आणि पडताना थबकतो. प्रत्येक ठिकाणी पाव सेकंद गेला तरी ३५ उड्यांत पावणेनऊ सेकंद होतात. दम कितीही असला तरी हे सेकंद दमातून भरून निघत नाहीत, अडथळा वेगळा घोटावाच लागतो, तोही थकलेल्या पायांनी. २०१८ मध्ये भुवनेश्वरला साबळेने ८:२९.८० वेळ देऊन गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२०, सुवर्ण ०.०५ सेकंदांनी हुकलं. २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीग शर्यतीत ८:०९.९१. सहा वर्षांत वीस सेकंद, आणि तेही थोडे थोडे, स्वतःचाच विक्रम पुन्हा पुन्हा मोडत.

दुसरं उदाहरण डोक्याच्या कामाचं. १९७० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात एका साध्या विद्यार्थ्याला सेकंदाला एक या वेगाने आकडे ऐकवून तसेच परत म्हणायला लावले. सुरुवातीला सगळ्यांसारखे त्याच्याही सात आकडे लक्षात राहत. सुमारे २३० तासांच्या सरावानंतर तो ७९ आकडे म्हणू लागला. तो लांब पल्ल्याचा धावक होता, त्यामुळे ३४९२ ऐकलं की ते ३ मिनिटं ४९.२ सेकंद, मैलाच्या विश्वविक्रमाजवळची वेळ, असं डोक्यात ठेवायचा. पण आकड्यांऐवजी अक्षरं दिल्यावर तो पुन्हा सहावर आला. त्याची स्मरणशक्ती वाढली नव्हती, त्या एका कामासाठी त्याने खुंट्या तयार केल्या होत्या. म्हणून रोज दहा किलोमीटर हळू पळणाऱ्याचं १६०० चं टायमिंग आपोआप सुधारत नाही, आणि गाईड पाच वेळा वाचणाऱ्याला प्रश्न सुटतीलच असं नाही.

भरतीच्या लेखी परीक्षेचंही तेच. शंभर प्रश्न, ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. लातूर पॅटर्नमधलं बाहेरचे लोक उचलतात ते अभ्यासाचे तास. खरं उचलण्यासारखं आहे ते सतत होणाऱ्या चाचण्या आणि चुकलेल्या प्रश्नांची चिरफाड. पेपर झाला की प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे कारण लिहा: माहीतच नव्हतं, वाचताना 'नाही' सुटलं, आकडेमोड चुकली, की वेळ संपला. आकडेमोडीत गुण जात असतील तर इतिहास वाचून काय उपयोग? आठवड्याने तेच चुकलेले प्रश्न पुस्तक बंद ठेवून पुन्हा सोडवा. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी हे तपासलं होतं: चार वेळा नुसतं वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर मजकुरातला ४० टक्के भाग आठवला, एकदा वाचून तीनदा आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के.

'१०,००० तास घातले की झालं' यावर विश्वास ठेवू नका. तो आकडा १९९३ च्या बर्लिनमधल्या व्हायोलिनवादकांच्या अभ्यासातून आला. विसाव्या वर्षापर्यंतची ती नुसती सरासरी होती, आणि अव्वल वादकांपैकीही अनेक जण तिच्या खाली होते. त्याच अभ्यासातली जास्त कामाची गोष्ट मागे पडली: अव्वल वादक एकट्याने, तुकड्या-तुकड्यांनी, मध्ये विश्रांती घेऊन सराव करायचे आणि इतरांपेक्षा जास्त झोपायचे, दुपारची डुलकीसुद्धा. रात्री बारापर्यंत मोबाईल आणि चारला ग्राउंड, असं करणाऱ्याचं टायमिंग अडकलं तर आधी झोप मोजा.

आता त्या पोराचं पुढे काय. चार महिने वरच्या पद्धतीने करूनही टायमिंग हललं नाही, तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. आपल्या भागातल्या भाकरी-चटणीवर पळणाऱ्या पोरा-पोरींत ते बऱ्याचदा कमी निघतं. तेही ठीक असेल, तर गुणांचा हिशेब मांडा. ५:१० ला २० गुण आहेत, ५:३० च्या आत १८. या थोड्या गुणांसाठी आणखी वर्ष घालण्याऐवजी गोळाफेकीकडे बघा. ७.२६० किलोचा गोळा ८.५० मीटर गेला की पूर्ण १५ गुण. बहुतेक पोरं तो नुसत्या हाताने ढकलतात, कोपर खाली पडतं आणि मागचा पाय वापरतच नाहीत. मोबाईलवर बाजूने चित्रण करून रोज पंधरा फेकी बघितल्या, तर हे दोन्ही दोष महिना-दीड महिन्यात सुधारता येतात.