सोपा शॉर्टकट बांधा, पण त्यातून कुठला ‘ऱ’ पडतो ते आधी बघा

मॉनिटरच्या कडेला ऑल्ट-कोडची (ऑल्ट दाबून धरून नंबरपॅडवर आकडे मारले की चिन्ह उमटतं, ते आकडे) चिठ्ठी, आणि नव्या लॅपटॉपला नंबरपॅडच नाही, हे तुमचं वाचलं आणि लगेच लिहायला बसले. ०१७६ म्हणजे °, ०१८९ म्हणजे ½, हे कोड मलाही अजून झोपेत विचारले तरी सांगता येतील. तुम्हाला ₹, °, ½, ऱ्य आणि ॲ यांसाठी सोप्या कळा हव्यात. मराठी कीबोर्ड जोडणं वगैरे येतच असणार, ते सोडते.

₹ साठी काही बसवायची गरज नाही. विंडोजमध्ये इंग्रजी (भारत) कीबोर्ड घ्या, उजवा ऑल्ट आणि ४. बाकीच्या चिन्हांना मी ऑटोहॉटकी वापरते, म्हणजे आपले शॉर्टकट एका फाइलीत लिहून ते चालवणारा छोटा प्रोग्रॅम. अर्धविराम आणि पुढे एकदोन अक्षरं मारून स्पेस दिली की चिन्ह उमटतं. तो अर्धविराम गाळू नका, नाहीतर साधा मजकूर लिहितानाही चिन्हं उगवतील. ऑटोहॉटकीची जुनी आवृत्ती असेल तर ती शॉर्टकटची फाइल सेव्ह करताना एन्कोडिंगमध्ये ‘यूटीएफ-८ विथ बीओएम’ निवडा. कंट्रोल-ऑल्टच्या जोड्या बांधू नयेत असं माझं ठाम मत: त्यातल्या बऱ्याच वर्डने आधीच अडवल्यात. ऑफिसच्या मशीनवर काही बसवू देत नसतील तर वर्डचा ऑटोकरेक्ट (टाइप केलेलं आपोआप बदलणारी सोय) आहे, पण तो वर्ड-एक्सेलसारख्या प्रोग्रॅमच्या बाहेर चालत नाही.

आता ऱ्य. इथे किती कळा वाचल्या हे मोजू नका. हा अर्धा ऱ दोन तऱ्हांनी पडतो. इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय लिप्यांच्या प्रमाण कीबोर्डमध्ये) शिफ्ट दाबून इंग्रजी J ची कळ मारली की स्वतंत्र ऱ येतो, मग हलन्त, मग य. काही फोनेटिक कीबोर्ड (उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे) मात्र साधा र, हलन्त आणि एक न दिसणारा जोडक (झीरो-विड्थ जॉइनर) टाकतात. छापलं की दोन्ही सारखेच. मशीनच्या लेखी दोन वेगळे शब्द.

आमच्या आडनावात हाच ऱ आहे. वडिलांच्या पश्चात एका कार्यालयात (नाव घेत नाही) वारसनोंद करायची होती. जुनी नोंद एका तऱ्हेने, नवा अर्ज दुसऱ्या, आणि पडद्यावर ‘नाव जुळत नाही’. खिडकीवरच्या बाईंना दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले. त्या म्हणाल्या, “दिसतंय सारखं, पण सिस्टिम घेत नाही. प्रतिज्ञापत्र आणा.” आणलं. त्यात लिहिलं होतं की अमुक आणि अमुक ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, आणि दोन्ही ठिकाणी तेच नाव, काना-मात्रेचाही फरक नाही! नोटरीने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. तेही परत पाठवलं. शेवटी तिथल्याच एका ऑपरेटरने आडनाव दुसऱ्या कीबोर्डवर पुन्हा टाइप केलं आणि काम क्षणात झालं. साहेबांना कारण समजावायला गेले तर म्हणे, “टायपिंगचं आम्हाला सांगू नका.” असो.

तुमच्या फाइलमध्ये कुठला आहे ते बघायचं तर शब्दाचा य खोडा आणि बॅकस्पेस चालू ठेवा. खाली टिंब असलेला ऱ उरला तर ठीक, साधा र उरला तर तो जोडकवाला. (सगळ्याच प्रोग्रॅममध्ये बॅकस्पेस असा एकेक कोड खोडत नाही, मी वर्डपुरतं सांगतेय.) ॲचंही तेच: अ वर चंद्र चढवलेला वेगळा, एकसंध ॲ वेगळा. एकसंध अक्षर युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण यादीत) २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या मजकुरात पहिलाच प्रकार जास्त. शॉर्टकटमध्ये मी एकसंधच ठेवते. यावर मतभेद असतील, पण एका फाइलीत दोन्ही नकोत.

आणि जुनी फाइल साफ करताना फाइंड-रिप्लेसने नुसता जोडक उडवू नका. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. र, हलन्त, जोडक हे त्रिकूट एकत्र शोधा आणि त्याजागी ऱ आणि हलन्त टाका. आधी फाइलची प्रत काढून ठेवा.