म्हणजे मी इतकी वर्षं सोंग करत होतो का?

मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे सल्ल्यासाठी एक काका आले होते, सोबत सून. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत, पण गोष्ट हीच. एसटीत कंडक्टर म्हणून ३१ वर्षं काढलेली, वय ६८. बसायच्या आधीच सून म्हणाली, मॅडम, अण्णांना आधी पंप चालू करायला सांगा, जिना चढताना छातीतून शिट्टी वाजते नुसती. काका काहीच बोलेनात. खिशातून स्टीलची छोटी डबी काढली आणि टेबलावर ठेवली, झाकण उघडून. आत चार पांढऱ्या गोळ्या.

झालं होतं असं. नाईट ड्युट्यांनी झोपेची वाट लागलेली, रिटायर झाल्यावरही तेच. फॅमिली डॉक्टरांनी कागदाच्या पुडीत गोळ्या बांधून दिल्या, रोज रात्री एक, झोप लागेल म्हणाले. आणि लागली की! तीन वर्षं मस्त लागली. मग डॉक्टर थकले, दवाखाना मुलगा बघायला लागला, त्यानं जुना कागद बघून सहज सांगून टाकलं की काका ही तर साधी कॅल्शियमची गोळी आहे, बंद केली तरी चालेल. त्या रात्रीपासून झोप गायब. अकरा रात्री सलग. घरी मुलगा हसत म्हणाला, बघा अण्णा, सगळं मनाचंच होतं. काकांना ते इतकं लागलं की त्यांनी दम्याचा पंपही कपाटात टाकला, म्हणे हा तरी कशावरून खरा.

मला त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मॅडम, म्हणजे मी इतकी वर्षं सोंग करत होतो का?"

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी येत असतो. कुणाचं अंग दुखतं आणि रिपोर्ट नॉर्मल येतात, कुणाला डॉक्टरचं नुसतं बोलणं ऐकूनच बरं वाटतं आणि मग तेच लाजतात. "मनाचं आहे" हे वाक्य आपल्याकडे ज्या सुरात म्हणतात ना, त्या सुरात त्याचा अर्थ "खोटं आहे" असाच होतो. मला त्या वाक्याचा खरंच राग येतो.

काकांना मी अक्कलदाढेची गोष्ट सांगितली. १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोत लिव्हाइन, गॉर्डन आणि फील्ड्स या तिघांनी दाढ काढलेल्या पेशंटवर प्रयोग केला होता. काहींना वेदनाशामक म्हणून औषध नसलेलंच इंजेक्शन दिलं, प्लासिबो म्हणतात तसं, त्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं कमी झालं. इथपर्यंत कुणीही म्हणेल मनाचे खेळ. पण मग त्यांना नॅलोक्सोन दिलं, म्हणजे अफूच्या जातीच्या औषधांचा असर मोडून काढणारं औषध, तर ज्यांना आराम पडला होता त्यांचं दुखणं परत वाढलं! आता अफूसारखं औषध तर कुणी दिलंच नव्हतं, मग मोडलं काय? तर मेंदूनं स्वतःच तयार केलेलं वेदनाशामक, एंडॉर्फिन म्हणतात ते. आराम खराच होता, शरीरातच बनलेला होता.

काका जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे तिकीट बोगस, पण गाडी पोचली." एवढं चांगलं तर मला पण सांगता आलं नसतं.

मग मी म्हटलं, काका, रात्री गोळी कशी घ्यायचात ते मला करून दाखवा. त्यांनी अगदी साग्रसंगीत करून दाखवलं, साडेनऊला बातम्या बंद, अर्धा पेला कोमट पाणी, डबी दोनदा वाजवायची, गोळी घेतली की चष्मा काढून डबीवर ठेवायचा आणि स्वतःशीच म्हणायचं, चला, ड्युटी संपली. तीन वर्षं रोज हेच. आणि आता? आता म्हणे बातम्या संपतच नाहीत, पडलो की दर थोड्या वेळानं घड्याळ बघतो, दीड वाजला, सव्वादोन वाजले, आज पण नाही लागणार. गोळीत काही नव्हतं हो, पण तिच्या अवतीभवती किती काय होतं! आणि "नाही लागणार" ही पण एक गोळीच की, उलट्या गुणाची. तिला नोसेबो म्हणतात. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी त्रास होतो म्हणून त्या सोडलेल्या ६० जणांवर लंडनमध्ये एक अभ्यास झाला होता, २०२० मध्ये छापून आला, त्यात खऱ्या गोळीच्या महिन्यात जेवढा त्रास झाला त्याच्या ९० टक्के त्रास नुसत्या पिठाच्या गोळीच्या महिन्यात पण झाला.

पंपाचं मात्र मी वेगळं सांगितलं, आणि जरा दामटूनच. २०११ मध्ये अमेरिकेत दम्याच्या पेशंटवर अभ्यास झाला, खरा पंप, खोटा पंप, खोटं ॲक्युपंक्चर आणि काहीच नाही, असे चार प्रकार. बरं वाटलं का विचारलं तर पहिल्या तिघांत फारसा फरक नाही. पण फुंकून मोजायच्या मशीनवर खऱ्या पंपानं श्वास साधारण २० टक्के सुधारला आणि बाकी सगळ्यांत जेमतेम ७. म्हणजे बरं वाटत असताना छाती बंदच असू शकते, आणि दम्यात माणूस असाच फसतो. फुंकर घातली की पोराचं रडं थांबतं, मोडलेलं हाड नाही जुळत. मी डॉक्टर नाही, त्यामुळे त्यांना आधी त्याच दिवशी छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं, बाकी सगळं नंतर. पंप चालू झाला.

आता त्या जुन्या डॉक्टरांबद्दल. हेतू वाईट नव्हता, सवय लागणाऱ्या झोपेच्या गोळीपासून त्यांनी काकांना वाचवलं हे मी मानते. पण न सांगता दिलेली गोळी एक दिवस उघडी पडली आणि जाताना दुसऱ्या, खऱ्या औषधावरचा विश्वास पण घेऊन गेली, त्याचं काय? आणि खोटं बोलायलाच लागतं असंही नाही. २०१० मध्ये प्लासिबोवर संशोधन करणाऱ्या टेड कॅपचुक यांच्या टीमनं आयबीएसच्या, म्हणजे पोट सारखं दुखण्या-बिघडण्याच्या आजाराच्या, ८० पेशंटपैकी जवळपास निम्म्यांना उघड सांगून गोळ्या दिल्या, की यात औषध नाहीये. तीन आठवड्यांनी त्यांच्यातल्या ५९ टक्के लोकांनी आराम पडला म्हणून सांगितलं, काहीच न घेणाऱ्यांत ३५ टक्के. अभ्यास छोटा आहे, त्यावर फार उड्या मारू नयेत, पण काकांच्या कामाचा होता.

आम्ही केलं ते अगदी साधं. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवायचं, दुपारची झोप बंद, झोप लागत नाहीये असं वाटलं की उठून बाहेरच्या खोलीत बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी सहाला उठायचं. साडेनऊचा कार्यक्रम तसाच, फक्त गोळी नाही. डबीत काय ठेवायचं हे त्यांनीच ठरवलं. बडीशेप. "आता आत काय आहे ते मला माहितीये," म्हणाले.

पहिला आठवडा वाईट गेला, दुसऱ्यात तर चिडून येणार नाही म्हणाले होते. दोन महिन्यांनी आठवड्यातल्या चार-पाच रात्री बऱ्या जायला लागल्या, बाकीच्या अजून जातातच तळमळण्यात. मुलाला मी वेगळं बोलावून "मनाचंच" हा शब्द घरातून हद्दपार करायला सांगितलं, तो ओशाळला बिचारा.

शेवटच्या वेळी आले तेव्हा सांगत होते की जुने डॉक्टर सकाळी ग्राउंडवर फिरायला भेटतात, राम राम होतो, बाकी काही नाही. मी विचारलं, बोलणार का त्यांच्याशी? काकांनी डबीचं झाकण दोनदा वाजवलं. "बोलतो ना. पण गुडघ्याची पुडी पण त्यांचीच चालू आहे, आधी ती कशाची आहे ते विचारू की नको, तेवढं सांगा मॅडम."