मानववंशशास्त्र शिकून पुढे काय?

"ताई, ओळखीतली मुलं बर्कलीला, आमचा कम्युनिटी कॉलेजात. तिथेही घेतलंय काय, तर मानववंशशास्त्र! साताऱ्याला काय सांगू?"

कॅलिफोर्नियात मराठी कुटुंबांचं समुपदेशन करताना हे मी इतक्यांदा ऐकलंय, की आज एका घराची गोष्ट सांगतेच. नाव-गाव बदललंय.

ईशान १९ वर्षांचा. कॉम्प्युटर सायन्सला हव्या त्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला नाही म्हणून कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षं शिकून पुढे युनिव्हर्सिटीत जाता येतं अशा सरकारी कॉलेजात गेला आणि सहज घेतलेल्या या विषयात रमला. पहिल्या तीन भेटींत वडील बोलले, आई रडली, तो नखं कुरतडत बसला.

चौथ्या भेटीत मी त्यांच्या घरातल्या नात्यांचा नकाशा काढत होते. आम्ही समुपदेशक पुरुषाला चौकोन काढतो, बाईला वर्तुळ. ईशान वाकून बघत होता. म्हणाला, "आमच्या विषयात पुरुषाला त्रिकोण असतो."

त्याने आपणहून उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. मी पेन त्याच्या हातात दिलं.

त्रिकोण, वर्तुळ, लग्न झालं की मधे बरोबरचं चिन्ह. भराभर काढत तो पणजोबांपाशी येऊन अडला. "बाबा, पणजीचं माहेर कुठलं?"

"पणजोबांच्या मामाचंच घर."

"म्हणजे मामाची मुलगी केली. मग आत्याची का चालत नाही?"

वडिलांनी तोंड उघडलं आणि मिटलं. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आजी म्हणायची, वेल परतू नये."

ईशानने पेन खाली ठेवलं. "हेच! आत्या ज्या घरात दिली, तिथून तिची लेक परत आणायची नाही. मामाकडून आई आली, बायकोही तिथूनच आली, तर दिशा तीच राहते." आई हळूच म्हणाली, "इरावतीबाई कर्वे हाच अभ्यास करायच्या ना, डेक्कन कॉलेजात?"

खोलीतली हवा बदलली. इतकी वर्षं मी घराकडे एकसंध बघत आलेय. मूल एकटं अडत नाही, बोलण्याची वाट अडलेली असते. कॉलेजच्या नावामागे खरी धास्ती होती ती मुलगा परका होण्याची. त्या विषयातच आपली आजी भेटल्यावर ती सैलावली. तो क्षण ओळखून पेन पुढे केलं, याचं मला समाधान आहे.

आता पालकांनो, व्यवहाराचं. इथल्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात युनिटमागे (कोर्सचा भार मोजायचं माप) ४६ डॉलर फी पडते. दोन वर्षांच्या ६० युनिटांचे २,७६० डॉलर. पुस्तकं, राहणं वेगळं. ट्रान्स्फरसाठीची, म्हणजे पुढे युनिव्हर्सिटीत जाण्यासाठीची, खास दोन वर्षांची पदवी अटींप्रमाणे पूर्ण केली, की कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत कुठेतरी जागा नक्की मिळते. हव्या त्याच कॅम्पसवर मिळेल असं नाही. म्हणून पहिल्याच सत्रात कॉलेजच्या ट्रान्स्फर समुपदेशकाला मुलासोबत भेटा. कुठला कोर्स कुठे धरला जातो, हे उशिरा कळलं तर वर्ष जातं. नोकरीचा प्रश्न रास्त आहे, तो विचाराच. रस्ते-इमारतींआधीची पुरातत्त्व पाहणी, सार्वजनिक आरोग्य, सॉफ्टवेअर कंपन्यांतलं वापरकर्त्यांचं संशोधन, अशी कामं आहेत. पण ती आपोआप चालून येत नाहीत; संख्याशास्त्राचा एखादा कोर्स आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव जोडीला लागतो. ईशानने दोन्हीची तयारी दाखवली.

निघताना वडिलांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. साताऱ्याच्या आत्याला फोन करायचा होता. तिच्याकडच्या दोन वर्तुळांची नावं राहिली होती.